दोनच्या नावाचा भात

भाड्याची खोली बघायला मी दिंडोशीला गेले, तेव्हा घरमालकांनी आधी खोली दाखवलीच नाही. वाटीत मूठभर कच्चे पोहे आणून दिले आणि म्हणाले, "चाव. गिळू नकोस. गोड लागायला लागले की सांग."

मुंबईत एकट्या मुलीला खोली देताना लोक काय काय विचारतात ते मला ठाऊक होतं. आडनावावरून जात काढणारे घरमालक झाले, मित्र येतात का म्हणून विचारणाऱ्या मालकिणी झाल्या, मटण शिजवणार का विचारणारे सेक्रेटरी झाले. पोहे चावायला लावून थुंकी तपासणारा माणूस मात्र पहिलाच. पण जागा पवईच्या ऑफिसला सोयीची होती आणि घरात म्हातारी आई होती, म्हणून मी मुकाट्याने चावत बसले. गोड कसले लागतात, डब्याच्या तळाची चव. तेवढ्यात आतून एक थकलेला आवाज आला, "अरे, त्या चेडवाक पाणी तरी दी."

"आये, मधे बोलू नको. टेस्ट चालू आहे," घरमालक काका ओरडले आणि माझ्याकडे वळले. "मूळ कुठलं तुझं?"

"सांगली."

"ते नव्हे गं. तांदळाचे की ज्वारीचे?"

मी ज्वारीचे म्हटलं. त्यांनी डोळे मिटून विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "चालेल." जात विचारणारा माणूस निदान आडून तरी विचारतो. हे गृहस्थ धान्यावरून माणसाची पत ठरवत होते, आणि वर त्याला विज्ञान म्हणत होते. मी त्या घरात अडीच वर्षं काढली आणि त्यांच्याबद्दलचं माझं पहिलं मत एकदाही बदलावं लागलं नाही. तोंडावर मी त्यांना काका म्हणायचे. इथेही अहो-जाहो करते आहे, ते केवळ आईने लावलेल्या वळणामुळे.

काका साकीनाक्याच्या एका औषध कंपनीत होते. पचनाचं गोड सिरप बनवणारी ती कंपनी. त्यांच्या तोंडून ऐकलं तर वाटायचं की ते सिरप यांनीच शोधलं. खरं म्हणजे ते पॅकिंगला होते, बाटलीचं बूच नीट बसलंय की नाही ते बघायला. नोकरीभर बुचं बघितली आणि निवृत्त झाल्यावर बाटलीच्या आतलं ज्ञान आपल्याला आपोआप मिळालंय, असं त्यांना वाटू लागलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. यांना हळकुंडाचा नुसता वास पुरला होता.

कुठल्याशा मासिकात त्यांनी एकदा कुत्र्यांच्या पचनाबद्दल वाचलं, आणि तिथून घराची वाट लागली. लांडगा मांस खाणारा. स्टार्च पचवायला जे अमायलेज लागतं, त्याच्या जनुकाच्या त्याच्यात दोनच प्रती. पुढे माणूस शेती करू लागला, त्याच्या खरकट्यावर कुत्रे जगू लागले, आणि ज्यांना ते पिठूळ अन्न पचलं ते तगले. म्हणून कुत्र्यांमध्ये त्या प्रती वाढत गेल्या. शेतकऱ्यांकडे राहिलेल्या जातींत त्या जास्त, बर्फात मासे-मांसावर वाढलेल्या हस्कीसारख्या जातींत कमी. माणसाच्या थुंकीतही अमायलेज असतं, ते स्टार्चची साखर करतं म्हणून चावलेले पोहे गोड लागतात, आणि त्याच्या जनुकाच्या प्रतीही कोणात कमी, कोणात जास्त. हे सगळं खरं आहे, मी नंतर वाचून पाहिलं. पण काकांना चिमूटभर खरं सापडलं की ते त्यात घागरभर पाणी ओतायचे आणि सगळ्यांना पाजायचे.

"प्रती किती?" हा त्यांचा जगाला प्रश्न. लिफ्ट बंद पडली की लिफ्टवाल्याच्या प्रती कमी. वॉचमन पेंगला, प्रती कमी. क्रिकेटमध्ये कोणी शून्यावर बाद झाला तरी तेच. सोसायटीच्या सभेत एकदा पाण्याच्या टाकीवरून वाद चालला असताना हे उठून म्हणाले, "मुळात आपण सगळे भाताला विकले गेलेले प्राणी आहोत." टाकीचा प्रश्न त्या दिवशी तसाच राहिला.

त्यांची बायको मुलीकडे मुलुंडला राहायची. नातवंड सांभाळायला, असं काका सांगायचे. खरी हकीकत मला आयेने, म्हणजे त्यांच्या आईने सांगितली. पुतण्यासाठी मुलगी बघायला सगळे घाटकोपरला गेले होते. रीतीप्रमाणे कांदेपोहे आले. मुलीने बशी पुढे केली, तर हे म्हणाले, "आधी तू एक घास घे. पण गिळू नकोस." मुलगी घाबरून घास तोंडात धरून बसली. मुलीच्या बापाने विचारलं, हे काय चाललंय? काका म्हणाले, "तुम्ही पत्रिका बघता, आम्ही लाळ बघतो." ते लग्न मोडलं हे सांगायला नकोच. काकू तिथूनच परस्पर मुलुंडला गेल्या आणि मग त्यांना नातवंडाचा फार लळा लागला.

मग कुत्रा आला. निळ्या डोळ्यांचा, दाट केसांचा हस्की. गोरेगावच्या घामट हवेत बर्फातला कुत्रा आणून त्याला दिवसभर एसीत ठेवायचा, ही अक्कल कोणत्या जनुकात असते ते मला माहीत नाही. काकांना तो हवा होता, कारण तो लांडग्याच्या जवळचा, भाताला न विकलेला. फाटकापाशी झोपणाऱ्या गावठी कुत्र्याकडे बोट दाखवून ते म्हणायचे, "हा चपातीचा गुलाम. आणि हा बघ, राजा." राजा तोवर एसीच्या पाण्याच्या बादलीत तोंड घालून उभा असायचा. लांडग्याच्या दोन प्रती, म्हणून त्याचं नाव त्यांनी ठेवलं दोन.

या नावाने पहिल्याच दिवशी घोटाळा केला. जनावरांच्या दवाखान्यातल्या मुलीने विचारलं, "किती कुत्रे?" हे म्हणाले, "एक." "नाव?" "दोन." "काका, एक की दोन?" असं बराच वेळ चाललं. आयेचा प्रश्न त्याहून सोपा होता. ती म्हणाली, "ह्या काय नाव? मगे एक खंय गेलो?"

आयेबद्दल सांगायला हवं, कारण या माणसाची आठवण काढायची मला तिच्यामुळेच गरज वाटते. ऐंशीच्या पुढची, कणकवलीकडची. नवरा गिरणीत होता, सुताला खळ लावायच्या खात्यात. तोंडात चार-दोन दात उरलेले, कान बरे, बोलणं कमी. सकाळी उकड्या तांदळाची पेज, वर मिठाचा खडा आणि लोणच्याची फोड, हा तिचा जन्मभराचा आहार. तिची साखर थोडी वाढली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, भात जरा बेताने. काकांनी त्याचं केलं, भात बंद. का, तर आपल्या घराण्यात प्रती कमी. हा शोध त्यांनी स्वतः पोहे चावून लावला होता.

त्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून जाहीर केलं, "आये, आजपासून घरात स्टार्च बंद."

आये म्हणाली, "बरा." आणि कपाट उघडून साड्यांना लावायच्या स्टार्चचं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं.

"हे नव्हे गं. पोटातलं स्टार्च."

"स्टार्च पोटात कित्याक लावतलंस?" आयेने विचारलं. "ता सुताक लावतत. तुझ्या बापाशीच्या अंगाक जन्मभर तोच वास."

गिरणीवाल्याच्या घरात खळ म्हणजे काय हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांना गिरणीची आठवण आवडत नसे. ते रागाने लाल झाले आणि तिला समजावत बसण्याऐवजी तांदळाचा डबा उचलून फाटकापाशी वॉचमनला देऊन आले. दुसऱ्या दिवशी आये डबा शोधत होती, तेव्हा तिला कळलं की स्टार्च म्हणजे आपली पेज.

मग तिच्या पानात उकडलेली अंडी, पनीरचे तुकडे, मोड आलेले मूग असं काहीबाही येऊ लागलं. चार दातांनी मूग कसे चावायचे याचा विचार जनुकशास्त्रात नसावा. आये पान पुढ्यात घेऊन बसायची, एखादा तुकडा तोंडात घोळवायची आणि बाकीचं झाकून ठेवायची. तिच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. मी एकदा म्हटलं, मी माझ्यासाठी म्हणून थोडी पेज करते, तुम्ही घ्या. तर म्हणाली, "नको गो. तेका कळला तर तुका भायर काढतलो." मग मी काकांशीच बोलले.

"काका, त्यांचं वय काय, त्यांना काय आता शर्यत पळायची आहे?"

"तुला नाही कळणार ते. तू ज्वारीची आहेस."

त्याच सुमारास दोनचं पोट बिघडलं. मांसाहारी राजा दिवसभर ओकत होता आणि काका फिक्या चेहऱ्याने त्याच्यामागे फडकं घेऊन फिरत होते. आईचे हात वाळत चाललेत ते ज्याला दिसलं नाही, तो माणूस कुत्र्याच्या ओकारीचा रंग बघत होता. मला त्यांची चीड आली आणि ती अजून गेलेली नाही. सुट्टी होती म्हणून मी दवाखान्यात बरोबर गेले. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, घाईत होत्या.

"काही नाही, मऊ भात द्या. चिकनचं पाणी घालून."

"मॅडम, हस्की आहे हा," काका म्हणाले. "याच्यात प्रती कमी असतात."

"असू देत ना काका. शिजवलेला भात पचतो त्यांनाही. मऊ करा एकदम. पेज माहितीये ना, तसा."

घरी येताना काकांनी वाटेत उतरून तांदूळ घेतला, साधा कोलमचा तुकडा. ज्या घरातून भात हद्दपार झाला होता, तिथे तो कुत्र्यासाठी, डॉक्टरच्या हुकुमाने परत आला. आणि शिजवायचं काम अर्थातच आयेकडे, कारण काका सकाळी बागेत मंडळींना विज्ञान सांगायला जायचे ते जेवायच्या वेळेला परतायचे.

दोन-चार दिवसांत कुत्रा बरा झाला आणि पुन्हा चिकनकडे वळला. पण भात थांबला नाही. काका परत यायचे तेव्हा दोनचं पातेलं रोज रिकामं, घासूनपुसून पालथं घातलेलं. काका हरखून गेले. लांडग्याचा वारस भात खातो आणि पचवतो. म्हणजे मुंबईत राहून त्याच्या प्रती वाढल्या.

मी म्हटलं, "काका, तुम्हीच सांगता ना, या गोष्टीला हजारो वर्षं लागतात?"

"लागत होती. आता हवामान बदललंय."

कुत्रेवाल्यांचा त्यांचा एक व्हॉट्सअॅप गट होता. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतची मंडळी त्यात होती. तिथे ते रोज पालथ्या पातेल्याचा फोटो टाकू लागले. लोक अंगठे दाखवायचे. काकांची मान आठवड्याभरात दोन इंच लांब झाली.

पातेलं कोण रिकामं करतं ते मला एका घरून काम करायच्या दिवशी कळलं. चहा करायला स्वयंपाकघरात गेले तर आये पाटावर बसली होती. पुढ्यात तिची काशाची वाटी, वाटीत वाफाळती पेज, मीठ, लोणचं. दोन शेजारी पाय पसरून झोपला होता, पेजेकडे ढुंकूनही बघत नव्हता. मला पाहून तिने वाटी लपवली नाही. एक घोट घेतला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "कुत्र्याचा खाणंय नाय गो. कुत्र्याच्या नावाचा खातंय."

सांगलीहून आईने पाठवलेलं लिंबाचं लोणचं आणून तिच्या वाटीशेजारी ठेवलं. काकांना फसवल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आयेच्या बांगड्या हळूहळू मनगटाकडे परत आल्या, एवढं मला पुरे होतं.

पण मूर्खाला यश पचत नाही, त्याला प्रेक्षक लागतात. गटातल्या कोणीतरी विचारलं, हस्की खरंच रोज एवढा भात खातो? आम्हाला बघायचंय. काकांनी रविवारी सकाळी सगळ्यांना घरी बोलावलं. सहा-सात माणसं आली, त्यात कांदिवलीच्या एक बाई आपला लॅब्रेडॉर घेऊन. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मी चहा देत होते. काकांनी पाऊण तास भाषण केलं. लांडग्यापासून सुरुवात करून ते मोहेंजोदडोपर्यंत आले तेव्हा लॅब्रेडॉरने जांभई दिली. मग त्यांनी आयेने शिजवलेला भात स्वतः पातेल्यासकट आणून हॉलच्या मधोमध ठेवला आणि दोनला हाक मारली.

दोन आला. त्याने पातेल्यात नाक घातलं, शिंकला आणि सोफ्याच्या मागे जाऊन बसला.

"पाहुणे आहेत ना, लाजतो," काका म्हणाले. "दोन, ये. ये राजा, खा."

दोन हलला नाही. काकांनी गुडघ्यावर बसून पेजेतल्या भाताचा घास त्याच्या तोंडाशी नेला. त्याने तोंड फिरवलं. काकांनी त्याचा जबडा उघडायचा प्रयत्न केला, तेव्हा कांदिवलीच्या बाई म्हणाल्या, "अहो राहू द्या ना, चावेल." लॅब्रेडॉर मात्र पट्टा ताणून पातेल्याकडे बघत होता. त्याला आवरता आवरता बाईंच्या हातातला चहा सांडला.

या सगळ्यात आयेची जेवायची वेळ टळून गेली होती. हॉलमध्ये एवढी माणसं, एवढी हाकाहाक, आणि तिचा भात मधोमध निवत चाललेला. मी तिला आत थांबायला सांगणार होते, पण ती आलीच, काशाची वाटी हातात घेऊन. भिंतीला धरून चालत आली, पातेल्याशेजारी फरशीवर बसली आणि तिने वाटी लेकापुढे धरली.

"झाला तुमचा? निवान गेली ती."

काकांच्या हातात अजून तो घास होता. त्यांनी वाटीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, सोफ्यामागच्या कुत्र्याकडे पाहिलं. फोटोंचा अर्थ त्यांना त्या क्षणी लागला असणार, कारण त्यांचा चेहरा पडला.

"आये," ते दबक्या आवाजात म्हणाले, "ते कुत्र्याचं आहे."

"मगे माका कुत्रो समज," आये म्हणाली, "आणि वाढ."

ती रागाने बोलली नाही. रेशनच्या रांगेत पुढच्या माणसाला सरक म्हणावं तसं बोलली. कांदिवलीच्या बाईंनी पर्स उचलली. बाकीचेही एकेक करून उठले, चपला शोधू लागले, आणि कोणी काकांच्या नजरेला नजर दिली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. मला वाटलं, आता हा माणूस मोडेल. आता तरी आईचे पाय धरेल.

काका उठून आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, आत बसून रडत असतील, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांच्याविषयी काहीतरी बरं वाटू लागलं.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात स्वयंपाकघरातला वजनकाटा होता. तो त्यांनी आयेच्या पुढ्यात फरशीवर ठेवला, सरळ केला, त्यावर तिची वाटी ठेवली आणि विचारलं, "रोज एवढीच घेतेस, की कमी-जास्त? आणि साखर कधी तपासली होतीस?"

"आधी वाढ," आये म्हणाली.

त्यांनी काट्यावरच्या वाटीत पळीपळीने पेज वाढली, प्रत्येक पळीनंतर वाकून आकडा बघत. आयेने वाटी उचलली आणि भिंतीला टेकून खाऊ लागली. काका खिशातून फोन काढून टाइप करत बसले. मी त्या गटात नव्हते, पण त्यांनी मला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. "प्रयोगातला प्राणी बदलला आहे."

आयेला ते ऐकू गेलं होतं, पण शहरी मराठीतला अर्थ बहुधा लागला नव्हता. वाटीतून मान वर न करता तिने मला विचारलं, "काय लिहिल्यान?"

"तुम्हाला उद्यापासून रोज पेज मिळणार, असं लिहिलंय," मी सांगितलं.

आयेने वाटीच्या तळाशी राहिलेलं बोटाने पुसून घेतलं.

"मगे तेका सांग," ती म्हणाली, "तांदूळ उकडे होये."